कोल्हापूर ते नागपूर: दोन विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढावा

कोल्हापूरहून नागपूरला विमानाने जायला किती वेळ लागतो, असा प्रश्न इंटरनेटवर टाकला की कुठे पाऊण तास, कुठे सव्वा तास, तर कुठे चक्क पाच-सहा तास असे उत्तर मिळते. यांपैकी कोणतेच उत्तर खोटे असते असे नाही. पहिल्या उत्तरात सरळ अंतराला जेट विमानाच्या वेगाने भागलेले असते, दुसऱ्यात वेळापत्रकातला वेळ असतो आणि तिसऱ्यात मुंबईसारख्या ठिकाणी विमान बदलण्याचा वेळ धरलेला असतो. गोंधळ होतो तो या तिन्ही गोष्टींना सरसकट 'उड्डाणाचा वेळ' म्हटल्यामुळे. त्यामुळे कागद, पेन आणि साधा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर घेऊन ही आकडेमोड एकदा स्वतः करून पाहावी. ती अवघड नाही, आणि एकदा जमली की कोणत्याही दोन विमानतळांसाठी वापरता येते.

या लेखात उदाहरण म्हणून कोल्हापूर–नागपूर ही जोडी घेतली आहे. दोन्ही शहरे एकाच राज्याच्या दोन टोकांना आहेत, त्यांच्यामधला रेल्वेमार्ग मिरज, पंढरपूर, लातूर, परळी, परभणी असा वळसे घेत जातो, आणि म्हणूनच येथे हवाई अंतराचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो.

पहिली पायरी: विमानतळ नेमका कोणता, हे ठरवणे

अंतर शहरांमधले मोजायचे नसून विमानतळांमधले मोजायचे असते. कोल्हापूरचा विमानतळ शहराच्या आग्नेयेला उजळाईवाडीजवळ आहे, नागपूरचा सोनेगाव भागात. या दोन शहरांच्या बाबतीत फरक थोड्या किलोमीटरांचाच पडतो. पण नाशिकचा विमानतळ ओझरला आहे आणि शिर्डीचा काकडीला, हे विसरल्यास हिशेब बिघडतो. गोव्यात तर दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असून त्यांच्यात सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर अंतर आहे. सिंधुदुर्गातल्या माणसासाठी मोपा सोयीचा, तर मडगावच्या माणसासाठी दाबोळी. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून 'मुंबई' म्हणजे कोणती, हेही विचारून घ्यावे लागते.

यावर उपाय म्हणजे तिकिटावरचा तीन अक्षरी संकेत पाहणे. कोल्हापूरचा केएलएच, नागपूरचा एनएजी, दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स, मुंबईचा बीओएम आणि नवी मुंबईचा एनएमआय. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या व्यवहारात याहून वेगळे चार अक्षरी संकेत असतात. प्रवाशाला त्यांची गरज पडत नाही, पण विमानतळाची तांत्रिक माहिती शोधताना ते समोर येतात, तेव्हा गोंधळून जाऊ नये.

दुसरी पायरी: अक्षांश-रेखांश दशांशात मांडणे

विमानतळाचे अक्षांश-रेखांश नकाशाच्या कोणत्याही अॅपवर धावपट्टीच्या मध्यावर बोट ठेवून मिळतात. कोल्हापूरसाठी ते १६.६६४७ उत्तर आणि ७४.२८९४ पूर्व, तर नागपूरसाठी २१.०९२२ उत्तर आणि ७९.०४७२ पूर्व असे घेऊ.

सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात. जुन्या तक्त्यांत हेच आकडे अंश, मिनिटे आणि सेकंद अशा रूपात असतात. कोल्हापूरचा अक्षांश तेथे १६ अंश ३९ मिनिटे ५३ सेकंद असा दिसेल. तो घाईने १६.३९ असा लिहिला, तर विमानतळ कागदावर सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला सरकतो. दशांश रूप हवे असल्यास मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून ती बेरीज अंशात मिळवावी.

तिसरी पायरी: सरळ हवाई अंतर काढणे

विमान व्यवहारात अंतर सागरी मैलात मोजतात, आणि त्यामागे एक सोय आहे. अक्षांशाचे एक मिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, जवळजवळ एक सागरी मैल भरतो. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. त्यामुळे अक्षांशातील फरकाला ६० ने गुणले की उत्तर-दक्षिण अंतर थेट सागरी मैलात मिळते.

आपल्या उदाहरणात अक्षांशातील फरक ४.४२७५ अंश आहे, म्हणजे उत्तरेकडे सुमारे २६६ सागरी मैल. रेखांशातील फरक ४.७५७८ अंश आहे, पण रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे एकमेकींजवळ येत जात असल्याने त्याला दोन्ही अक्षांशांच्या सरासरीच्या कोसाइनने गुणावे लागते. सरासरी अक्षांश १८.८८, त्याचा कोसाइन ०.९४६. म्हणून ४.७५७८ गुणिले ०.९४६ गुणिले ६०, म्हणजे पूर्वेकडे सुमारे २७० सागरी मैल. आता पायथागोरसचा सिद्धांत लावायचा: २६६ आणि २७० यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की ३७९ येतात. ३७९ सागरी मैल म्हणजे ७०२ किलोमीटर, किंवा रस्त्यावरच्या साध्या मैलात ४३६.

उत्तर आणि पूर्व ही दोन्ही अंतरे जवळपास सारखी आली, यावरून आणखी एक गोष्ट कळते: नागपूर कोल्हापूरच्या जवळजवळ बरोबर ईशान्येला आहे. दिशेचा हा कोन पुढे वाऱ्याच्या हिशेबात लागणार आहे, तो कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.

ही रीत पृथ्वीचा तेवढा तुकडा सपाट मानते. महाराष्ट्राएवढ्या प्रदेशात त्याने बिघडत नाही, पण पुणे ते दुबई असे मोठे अंतर असेल तर गोलाचेच सूत्र वापरावे. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातील फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवावा. आलेल्या संख्येचा व्यस्त कोसाइन रेडियन या कोनाच्या एककात काढून त्याला ६३७१ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र बसवताना अंशांचे रेडियन करून घ्यायला विसरू नये. उत्तर हास्यास्पद आले तर पहिला संशय तिथेच घ्यावा. आपल्या जोडीसाठी या सूत्रानेही ७०२ किलोमीटरच येतात. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांशी किंचित चपटी असल्याचे हिशेबात घेतले तर यातला एखादा किलोमीटर कमी होतो. प्रवाशाने त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

येथे थोडे थांबून हीच रीत मुंबई–नागपूरला लावून पाहावी. उत्तर सुमारे ६८२ किलोमीटर येते. म्हणजे नागपूरकराला हवेतून मुंबई आणि कोल्हापूर जवळपास सारखीच लांब आहेत, कोल्हापूर अवघे २० किलोमीटर अधिक. रेल्वेच्या वेळांची सवय असलेल्या माणसाला हे सहजासहजी पटत नाही.

चौथी पायरी: सरळ रेषेवरून प्रत्यक्ष मार्गावर येणे

नकाशावर कोल्हापूर आणि नागपूर यांच्यामध्ये पट्टी ठेवली तर ती रेषा पंढरपूरच्या अगदी जवळून जाते, धाराशिवच्या किंचित उत्तरेने आणि अंबाजोगाईच्या दक्षिणेने पुढे सरकते, वसमतला जवळजवळ स्पर्श करते, पुसद आणि उमरखेड यांच्या मधून निघून आर्णी, यवतमाळ आणि वर्धा यांच्या शेजारून नागपूरला पोहोचते. खिडकीची जागा मिळाली आणि आकाश निरभ्र असले तर हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

प्रत्यक्षात विमान इतके सरळ जात नाही. हवेत ठरलेले मार्ग आणि ठरलेले बिंदू असतात, हवाई दलाच्या सरावासाठी राखलेले प्रदेश असतात, पावसाळ्यात गडगडाटी ढगांना वळसा घालावा लागतो. त्यात धावपट्टीच्या दिशेची भर पडते. कोल्हापूरच्या धावपट्टीचे क्रमांक ०७ आणि २५ आहेत; याचा अर्थ तिची एक दिशा होकायंत्रावर सुमारे ७० अंश आणि दुसरी सुमारे २५० अंश आहे. पूर्वेकडे उड्डाण केले तर विमान जवळपास नागपूरच्याच रोखाने निघते. पण विमान वाऱ्याला सामोरे उडते, त्यामुळे पश्चिमेचा जोराचा वारा असेल तर ते आधी पश्चिमेकडे उडून मग पूर्ण वळून येते, आणि त्यात काही मिनिटे जातात. नागपूरची धावपट्टी १४ आणि ३२ या क्रमांकांची, म्हणजे आग्नेय-वायव्य अशी आहे. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या विमानाला ती आडवी पडते, त्यामुळे कोणत्याही टोकाने उतरायचे म्हटले तरी वळण चुकत नाही.

या सगळ्यासाठी सरळ अंतरात पाच टक्के मिळवावेत, असा ढोबळ नियम ठेवता येतो. अंतर ३०० किलोमीटरच्या आसपास असेल तर आठ-दहा टक्के धरावेत, कारण दोन्ही टोकांची वळणे अंतर लहान झाले म्हणून लहान होत नाहीत. आपल्या उदाहरणात ३७९ चे सुमारे ४०० सागरी मैल, म्हणजे ७४० किलोमीटर होतात.

पाचवी पायरी: विमानाचा प्रकार पाहून वेळ काढणे

अंतर काढून देणारी बहुतेक संकेतस्थळे सर्व मार्गांना एकच वेग लावतात, साधारणपणे ताशी ८०० ते ८५० किलोमीटर. दिल्ली–मुंबईसाठी ते ठीक आहे. प्रादेशिक मार्गांवर मात्र पंख्याची विमानेही पुष्कळ असतात, आणि तेथे हा आकडा साफ फसतो.

आपल्याकडील प्रादेशिक मार्गांवर मुख्यतः दोन जातींची विमाने दिसतात. एटीआर ७२ हे पंख्याचे विमान सुमारे ७० ते ७८ आसनांचे असते, ताशी सुमारे ५०० किलोमीटर म्हणजे २७० नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वेगाने जाते आणि २५,००० फुटांच्या वर जात नाही. एम्ब्रेअर १७५ हे छोटे जेट साधारण ७६ आसनांचे असते आणि ताशी सुमारे ८०० किलोमीटर म्हणजे ४३० नॉट वेग सहज धरते. कोणते विमान आहे, हे तिकीट काढतानाच उड्डाणाच्या तपशिलात लिहिलेले असते. ते वाचण्याची सवय लावून घ्यावी. लहान विमानतळावर कोणते विमान येणार, हे बऱ्याचदा धावपट्टी ठरवते. कोल्हापूरची धावपट्टी पूर्वी १,३७० मीटरची होती, पुढे ती १,९३० मीटर करण्यात आली, आणि त्यामुळे विमानांच्या निवडीला वाव मिळाला.

आता भागाकार. ४०० सागरी मैलांना ४३० ने भागून आलेल्या तासांना ६० ने गुणले की जेटसाठी ५६ मिनिटे, आणि तसेच २७० ने भागले की एटीआरसाठी ८९ मिनिटे येतात. पण विमान सुटल्यापासून उतरेपर्यंत पूर्ण वेगाने जात नाही. जेट विमान ३०,००० फुटांवर जाणार असेल तर चढण्यातच सुमारे १०० सागरी मैल संपतात. म्हणजे पंढरपूर ओलांडेपर्यंत ते चढतच असते. उतरण्यासाठी वैमानिकांचा ठोकताळा असा आहे की प्रत्येक हजार फुटांना तीन सागरी मैल लागतात. नागपूरची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फूट आहे, म्हणून २९,००० फूट उतरायला ८७ सागरी मैल, म्हणजे १६० किलोमीटर हवेत. याचा अर्थ आर्णीच्या आसपासच इंजिनाचा आवाज मंदावतो आणि कानांत दडे बसू लागतात. चारशे मैलांच्या प्रवासात एकाच उंचीवर सरळ जाण्याचा भाग निम्म्याच्या आसपास उरतो.

चढण्या-उतरण्यातल्या या मंद गतीसाठी दोन्ही जातींच्या विमानांना सुमारे १० मिनिटे मिळवावीत. जेटचा हवेतला वेळ तासाहून थोडा अधिक, साधारण ६६ मिनिटे, आणि एटीआरचा सुमारे १०० मिनिटे होतो. फरक अर्ध्या तासाहून जास्त आहे. हाच हिशेब कोल्हापूर–मुंबईला, म्हणजे ३०८ किलोमीटरला लावला तर दोन्ही विमानांतला फरक पाव तासाच्या आसपास उरतो. कमी अंतरावर कंपन्या पंख्याची विमाने का पसंत करतात, त्याचे एक कारण हे. दुसरे अर्थातच इंधन.

सहावी पायरी: वाऱ्याचा हिशेब

जाताना आणि येताना लागणारा वेळ सारखा का नसतो, याचे उत्तर वाऱ्यात आहे. हिवाळ्यात महाराष्ट्रावर जास्त उंचीवरचा वारा पश्चिमेकडून वाहतो. समजा तो ४० नॉटचा आहे. आपला मार्ग ईशान्येला, म्हणजे वाऱ्याच्या दिशेशी ४५ अंशांचा कोन करून जातो, म्हणून ४० ला ४५ अंशांच्या कोसाइनने, म्हणजे सुमारे ०.७ ने गुणावे: मदत २८ नॉटची. नागपूरला जाताना जेटचा जमिनीवरून मोजलेला वेग ४५८ नॉट होतो आणि परतताना ४०२. भागाकार केला तर ५२ आणि ६० मिनिटे येतात, म्हणजे फरक आठ मिनिटांचा.

एटीआर खालून जात असल्याने तिथला वारा मंद असेल, २५ नॉट धरू. त्यातला १८ नॉटचा भाग मार्गावर लागू होतो. तरीही जाण्या-येण्याची मिनिटे ८३ आणि ९५ येतात, म्हणजे फरक बारा मिनिटांचा. वारा कमी असूनही फरक वाढला, कारण विमान जितके हळू तितका वाऱ्याचा वाटा मोठा.

पावसाळ्यात चित्र पालटते. खालच्या थरांत नैर्ऋत्य-पश्चिमेचा मोसमी वारा जोरात असतो, तर ३०,००० फुटांच्या आसपास आणि वर तो पूर्वेकडून वाहू लागतो. त्यामुळे जुलैत जेटला नागपूरला जाताना थोडा विरोध होऊ शकतो. हे आकडे रोज बदलतात. प्रवाशाने पाच-दहा मिनिटांची सूट ठेवली की पुरे.

सातवी पायरी: तिकिटावरचा वेळ वाचणे

तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ असते, त्यांच्यातला फरक म्हणजे ब्लॉक टाइम. विमान उभ्या जागेवरून हलते तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा हा काळ. त्यात धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचा वेळ मिळवलेला असतो. कोल्हापूरसारख्या विमानतळावर ही मिनिटे चार-पाचच असतात, मुंबईत पंधरा-वीस किंवा अधिकही लागू शकतात. आपल्या जेटच्या ६६ मिनिटांत दोन्हीकडची मिळून १० मिनिटे घातली की सव्वा तास होतो, एटीआरला पावणेदोन ते दोन तास. वेळापत्रक करताना कंपन्या त्यावर थोडी सैल मिनिटे ठेवतात. 'विमान वेळेआधी पोहोचले' ही घोषणा वरचेवर ऐकू येते, ती याच सैल मिनिटांमुळे.

ब्लॉक टाइमला कायदेशीर महत्त्वही आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला, तर विमानतळावर वेळेत आलेल्या प्रवाशाला खाणे-पिणे देणे कंपनीला बंधनकारक आहे. पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द झाले आणि कारण कंपनीच्या हातातले असेल, तर भरपाईची कमाल मर्यादा एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि त्यापुढे १०,००० अशी ठरवली आहे. मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांची बेरीज याहून कमी असेल तर तेवढीच रक्कम मिळते. धुके, वादळ अशा कारणांना ही भरपाई लागू नाही. नियम सुधारले जातात, म्हणून दावा करण्यापूर्वी चालू आवृत्ती पाहून घ्यावी.

आठवी पायरी: घरापासून घरापर्यंतचा वेळ मांडणे

देशांतर्गत प्रवासात कंपन्यांचे काउंटर साधारणपणे सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होतात आणि विमानात बसण्याचे दार २५ मिनिटे आधी. लहान विमानतळावर गर्दी कमी असते म्हणून ही मुदत सैल होते, असे समजू नये. घरून विमानतळ, तेथील सव्वा-दीड तास, ब्लॉक टाइम, सामान मिळण्याची पंधरा-वीस मिनिटे आणि पुढचा रस्ता, एवढ्यांची बेरीज करावी. इचलकरंजीहून नागपूरच्या सीताबर्डीपर्यंत थेट विमानाने जायचे असेल तर ही बेरीज साडेचार तासांच्या आसपास जाते, हवेतले त्यातले तासाभराचेच.

मुंबईमार्गे जायचे झाल्यास ३०८ आणि ६८२ मिळून सरळ अंतरच ९९० किलोमीटर होते, म्हणजे थेट मार्गापेक्षा २८८ अधिक. शिवाय मधला थांबा. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पहिले विमान उशिरा आल्यास पुढची सोय कंपनीकडे मागता येते. वेगवेगळी तिकिटे असतील तर तो हक्क उरत नाही, तेव्हा मध्ये किमान तीन तास ठेवावेत.

प्रादेशिक विमानतळांची आणखी एक मर्यादा असते. अनेक ठिकाणी हवाई वाहतूक नियंत्रण ठरावीक तासच चालू असते. त्यामुळे सकाळचा उशीर दिवसभर साचत जाऊन शेवटचे उड्डाण त्या तासांबाहेर गेले, तर ते उशिरा येण्याऐवजी रद्दच होऊ शकते. पर्याय असेल तेव्हा लहान विमानतळावरून दिवसाचे पहिले उड्डाण घ्यावे. थेट सेवा आहे की नाही, हेही मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलणाऱ्या हंगामी वेळापत्रकात पुन्हा पाहावे. प्रादेशिक मार्ग सुरू होतात तसे बंदही होतात.

पडताळा

आपले सूत्र बरोबर बसले आहे का, हे पाहण्यासाठी आणखी दोन जोड्या सोडवून पाहाव्यात. नाशिक (२०.११९१ उत्तर, ७३.९१२९ पूर्व) ते नागपूर हे अंतर सुमारे ५४५ किलोमीटर यायला हवे. जळगाव (२०.९६१९ उत्तर, ७५.६२६७ पूर्व) ते मुंबई (१९.०८८७ उत्तर, ७२.८६७९ पूर्व) हे सुमारे ३५५ किलोमीटर. उत्तरात पाच किलोमीटरांहून अधिक फरक पडला, तर आधी मिनिटे दशांशात बदलली आहेत का ते तपासावे, आणि मग कॅल्क्युलेटर अंशांवर लावला आहे की रेडियनवर ते पाहावे.